अ‍ॅप तयार होते, पोहोचत नाही: कोल्हापूरच्या निर्मात्यांसमोरील प्रश्नाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात आज एखादे मोबाइल अ‍ॅप बनवून घेणे अवघड राहिलेले नाही. राजारामपुरी-शाहूपुरीत अशी कामे घेणारी छोटी कार्यालये आहेत, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प म्हणून अ‍ॅपच करतात, आणि दवाखाना, शाळा, पतसंस्था किंवा मिठाईचे दुकान चालवणाऱ्यालाही आपले एक अ‍ॅप असावे असे वाटते. गाडी अडते ती त्याच्या पुढे. अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढते, ओळखीपाळखीचे शे-दोनशे लोक ते उतरवून घेतात, त्यांतले बरेचसे आठवड्याभरात काढून टाकतात आणि मग आकडा हलत नाही. याचे खापर बहुतेक वेळा जाहिरातीवरच्या अपुऱ्या खर्चावर फोडले जाते. ते कारण अगदीच खोटे नाही. पण निर्माता आणि वापरणारा यांच्यामधली वाट गेल्या पंचवीस वर्षांत कोणाकोणाच्या ताब्यात होती हे पाहिले, की प्रश्न निराळा दिसू लागतो.

अ‍ॅप हा शब्द रुळण्याआधीही मोबाइलवर प्रोग्रॅम चालत होते. १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनबरोबर आलेला सापाचा खेळ त्यांपैकी सर्वांत परिचित. मात्र तो कारखान्यातूनच फोनमध्ये भरून येत असे आणि बाहेरच्या कोणाला त्यात भर घालण्याची सोय नव्हती. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मोबाइल आवृत्तीमुळे ती सोय झाली खरी, पण पडद्याचे आकार १२८ बाय १२८ पासून २४० बाय ३२० पिक्सेलपर्यंत, बटणांची रचना दर कंपनीची वेगळी, आणि नोकियाच्या सुरुवातीच्या साध्या फोनांत फाइल ६४ किलोबाइटच्या वर गेली की फोन ती घेतच नसे. एकच खेळ अनेक रूपांत बांधावा लागे. तो बांधून झाला तरी लोकांसमोर मांडण्याची जागा मोबाइल सेवा कंपन्यांच्या हाती होती. रिंगटोन, कॉलरट्यून, क्रिकेटचा धावफलक आणि राशिभविष्य यांच्या रांगेत तो बसे, पैसे ग्राहकाच्या बॅलन्समधून कापले जात आणि त्यांतला मोठा वाटा कंपनीच ठेवून घेई. न मागता सुरू झालेल्या सेवांचे पैसे कापले गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती घेण्याचे बंधन ट्राय या दूरसंचार नियामकाला घालावे लागले; २०१३ मध्ये ते आणखी कडक करून दोनदा संमती घेणे सक्तीचे करण्यात आले. ‘मोबाइलवर काही दाबले की पैसे जातात’ ही धास्ती लोकांच्या मनात याच काळात बसली. अ‍ॅपसाठी पैसे मोजण्याबद्दल आपल्याकडे जी नाखुशी दिसते तिचे एक मूळ, माझ्या मते, इथे आहे.

१० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअर उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप होती, आणि पहिल्या तीन दिवसांतच १ कोटी डाउनलोड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. मार्च २०१२ मध्ये त्याचेच नाव गूगल प्ले झाले. मोबाइल कंपनीच्या दारात न जाता कोणीही आपले अ‍ॅप जगापुढे ठेवावे, विकले गेले तर ७० टक्के निर्मात्याने घ्यावेत आणि ३० टक्के दुकानाला द्यावेत, अशी ही रचना होती. नोंदणीसाठी गूगल एकदाच २५ डॉलर घेते, अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजाराने ज्यांना गुळाचा सौदा शिकवला, त्यांना हा व्यवहार अनोळखी वाटू नये: गुळाचे रवे (ढेपा) गुऱ्हाळवाल्याचे, बोली व्यापाऱ्याची आणि सौदा जमवून देणाऱ्याची अडत, म्हणजे दलाली. पण अडत्या माल आणणाऱ्याला नावाने ओळखतो, अडीनडीला उचल देतो आणि त्याची अडत ३० टक्क्यांच्या आसपासही फिरकत नाही. नव्या दुकानाने फळीवर जागा दिली. गिऱ्हाइकाला हाक मारण्याची जबाबदारी मात्र निर्मात्यावरच राहिली. जुलै २०१३ पर्यंत गूगल प्लेवरील अ‍ॅपची संख्या १० लाखांवर गेली, तेव्हा या जबाबदारीचे वजन सर्वांच्याच ध्यानात आले.

भारतातला निर्माता या दुकानात उशिरा स्थिरावला. प्लेवर पैसे घेऊन अ‍ॅप विकण्याची मुभा भारतीय निर्मात्यांना २०१२ मध्ये मिळाली, आणि २०१५ मध्ये भारतासाठी किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली गेली. पण ते दहा रुपये देण्यासाठी लागणारे क्रेडिट कार्ड किती जणांच्या खिशात होते? शिवाय थ्रीजीच्या दरात अ‍ॅप उतरवून घेणे म्हणजे निम्मे रिचार्ज संपवणे होते. त्यामुळे कोल्हापूरसारख्या शहरात अ‍ॅपचा पहिला खरा प्रसार स्टोअरमधून झालाच नाही. तो झाला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून, जिथे गाणी आणि चित्रपटांबरोबर मेमरी कार्डात अ‍ॅपच्या फाइलीही भरून मिळत, आणि त्यानंतर शेअरइट, झेंडर यांसारख्या साधनांनी एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. कॉलेजच्या कट्ट्यावर बसून, इंटरनेट न वापरता, मित्राच्या फोनमधले अ‍ॅप आपल्या फोनमध्ये घेण्याची ही रीत अनेकांना आठवत असेल. तिच्यात जाहिरात नव्हती आणि मानांकनही नव्हते. ज्याच्या फोनमधून घेतले त्याच्यावरचा विश्वास तेवढा होता.

लिपीचा अडसर वेगळा. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर देवनागरी उमटतच नसे किंवा जोडाक्षरे फुटून दिसत. २०११-१२ च्या सुमारास आलेल्या आवृत्त्यांनी हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. लिहिण्यासाठी आयआयटी मुंबईतील संशोधकांनी बनवलेला स्वरचक्र हा कळफलक आणि त्यानंतर गूगलचा भारतीय भाषांचा कळफलक आला. वाचता आणि लिहिता येऊ लागले, तरी दुकानातली पाटी अडचणीचीच राहिली. प्लेवर अ‍ॅपच्या नावाला २०२१ पासून ३० चिन्हांची मर्यादा आहे, त्याआधी ती ५० होती. संगणकावर अक्षरे नोंदवण्याच्या युनिकोड या पद्धतीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात, त्यामुळे डोळ्यांना चार अक्षरांचे दिसणारे ‘कोल्हापूर’ संगणकाच्या हिशेबात नऊ चिन्हांचे होते. शहराचे नाव आणि कामाचे स्वरूप लिहिता लिहिता तीस संपतात. त्यातून मराठी वापरणारा शोध घेताना बहुधा रोमन लिपीत, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितो. मराठी नाव ठेवावे तर ते शोधात सापडत नाही, इंग्रजी ठेवावे तर हजारो अ‍ॅपच्या गर्दीत बुडते. म्हणून स्थानिक निर्माते दोन्ही लिप्यांची खिचडी करतात. ती देखणी नसते, पण ती का केली जाते हे समजण्यासारखे आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचा दर हा विषयच काही महिन्यांसाठी संपला. मार्च २०१७ अखेरपर्यंत ती मोफत होती. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि वर्षअखेरीस भीम अ‍ॅप आले. गांधीनगरच्या कापड पेठेपासून रंकाळ्यावरच्या भेळगाडीपर्यंत फोनवरून पैसे देणे-घेणे पुढच्या काही वर्षांत अंगवळणी पडले. आता स्थानिक अ‍ॅपचे दिवस आले, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. झाले ते निराळेच. नव्याने आलेल्या लोकांचा वेळ व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि फेसबुक या तीन-चार ठिकाणी एकवटला, आणि त्या लोकांपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच कंपन्यांच्या जाहिरातींतून जाऊ लागली. अ‍ॅप उतरवून घ्यायला लावणाऱ्या जाहिराती फेसबुकने २०१२ मध्येच सुरू केल्या होत्या. या जाहिरातींचा दर लिलावात ठरतो, आणि त्या लिलावात कोल्हापुरातला घरपोच भाजी देणारा तरुण परदेशी भांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांसमोर बोली लावत असतो. अशा कंपनीला एक ग्राहक मिळवताना तोटा झाला तरी चालतो, त्याला चालत नाही. जाहिरात थांबली की डाउनलोड थांबतात, हा अनुभव म्हणूनच इतका सार्वत्रिक आहे.

बांधकामाची बाजू या काळात झपाट्याने सोपी होत गेली. डिसेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओची पहिली पक्की आवृत्ती, २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटर अशी साधने आली आणि त्यांतल्या शेवटच्या दोहोंमुळे एकाच लिखाणातून अँड्रॉइड व आयफोन दोन्हींचे अ‍ॅप निघू लागले. तंत्राविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही, कारण अडचण तिथे उरलेलीच नाही.

मग कोल्हापुरात कोणती अ‍ॅप टिकली? माझे निरीक्षण असे की ज्यांचे वापरणारे अ‍ॅपच्या आधीपासून मोजलेले होते, ती. हा जिल्हा सहकाराचा आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, आणि त्याच्याखाली गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था, साखर कारखाने, पतसंस्था, विकास सोसायट्या या सगळ्यांकडे सभासदांची यादी होती, सभासद क्रमांक होता आणि माणसाने रोज किंवा महिन्यातून काही वेळा तिथे येण्याचे कारण होते. गावच्या दूध संस्थेत पहाटे काय घडते ते पाहावे. सभासद किटली घेऊन येतो, दूध मापले जाते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पडद्यावर येतात, त्यावर दर ठरतो आणि एक चिठ्ठी निघते. त्या चिठ्ठ्या जपून दहा दिवसांच्या बिलाशी ताळा करणे हे बहुधा घरातल्या बाईचे काम. तोच तपशील ज्या अ‍ॅपमध्ये दिसतो ते अ‍ॅप उतरवून घ्या असे सांगावे लागत नाही: संस्थेतला मापाड्या किंवा सचिवाचा मुलगा रांगेतच फोन मागून घेतो आणि घालून देतो. कालच्यापेक्षा फॅट दोन पॉइंटने का उतरले, हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ पडतो, म्हणून ते अ‍ॅप रोज दोनदा उघडले जाते. त्याची रंगसंगती बहुधा भडक असते आणि स्टोअरवर त्याला धड मानांकनही नसते, तरी ते काढून टाकले जात नाही.

याच्या उलट बाजूला पुराची माहिती देणारी अ‍ॅप ठेवून पाहावीत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहेत, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी तासातासाला पाहिली जाते. गरज खरी आहे आणि लोकसंख्या मोठी आहे, पण ती गरज वर्षातले काही आठवडे असते. पावसाळा सरला की असे अ‍ॅप फोनमधली जागा अडवते आणि जागा कमी पडली की पहिल्यांदा तेच जाते. पुढच्या वर्षी निर्मात्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शिवाय पातळीचा आकडा एकाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की तो बाकीच्या दोनशे जणांना फुकट मिळतो. अशा विषयासाठी स्वतंत्र अ‍ॅप काढण्याऐवजी लोक जिथे आधीच जमलेले आहेत तिथे जाणे शहाणपणाचे, असे मला वाटते. मात्र सभेत प्रात्यक्षिक दाखवायला अ‍ॅप बरे पडते, म्हणून ती निघत राहतात.

२०२० नंतरचा काळ नियमांचा आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते, तसेच शेअरइट आणि झेंडरही होते. टिकटॉकवर नाव कमावलेल्या ग्रामीण कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला, आणि परक्याच्या अंगणात जमवलेली गर्दी आपली नसते हे अनेकांनी तेव्हा अनुभवले. अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून छोट्या निर्मात्यांसाठी आपला वाटा १५ टक्क्यांवर आणला. गूगलनेही त्याच वर्षी जुलैपासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर तोच दर लावला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला आधी १,३३७.७६ कोटी आणि प्लेवर पैसे घेण्यासाठी आपलीच यंत्रणा वापरण्याच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरी रक्कम मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आली. मधल्या काळात, मार्च २०२४ च्या पहिल्याच दिवशी, शुल्काच्या वादावरून नोकरी आणि विवाह जुळवणीची काही मोठी भारतीय अ‍ॅप प्लेवरून काढली गेली आणि सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत परत आली. एवढ्या मोठ्यांच्या पाठीशी दिल्ली उभी राहिली. हीच वेळ कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या निर्मात्यावर आली, तर त्याच्या हाती ईमेलला येणाऱ्या ठरीव उत्तराखेरीज फारसे काही नसते.

छोट्या निर्मात्याला सर्वांत जास्त जाणवलेला बदल १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या नव्या वैयक्तिक खात्यांचा. अशा खात्यावरून अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान २० जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवले पाहिजे असा नियम आला. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. आकडा किरकोळ वाटतो, पण चुलतभाऊ, वर्गमित्र आणि तालमीतली पोरे गोळा करून प्रत्येकाला दुव्यावरून सामील व्हायला लावायचे आणि दोन आठवडे कोणीही बाहेर पडणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे, हे प्रत्यक्षात जिकिरीचे होते. त्यामुळे अनेकांनी जुनीच वाट धरली: एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. दुर्दैवाने ठकांनीही तीच वाट धरली. वाहतुकीच्या दंडाची पावती, लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने आलेली एपीके उघडताच खाते रिकामे झाल्याच्या बातम्या सतत येऊ लागल्या, आणि अनोळखी एपीके उघडू नका असे पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की स्टोअरबाहेरून घातल्या जाणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांनाही आपली ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतर देशांत हा नियम लागू करण्याचे वेळापत्रक त्यात दिले आहे. टीका झाल्यावर, धोका समजून घेऊन पुढे जाऊ इच्छिणाऱ्या जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे कंपनीने नोव्हेंबरात मान्य केले. पण दूध संस्थेच्या रांगेत फोन पुढे करणारा सभासद त्या जाणकारांत मोडत नाही. त्याच्यासाठी अ‍ॅप बनवणाऱ्याला आता संस्थेच्या नावाने किंवा स्वतःच्या नावाने कागदपत्रे देऊन नोंदणी करून घ्यावी लागेल, आणि ती कोणाच्या नावाने करायची हा प्रश्न गावोगावच्या संचालक मंडळांच्या बैठकीत लवकरच येईल.