आंब्याच्या सीझनला फोन एंगेज का लागतो आणि लाइनी किती लागतात

देवगडला आमच्या काकांची हापूसची कलमं आहेत. एप्रिल लागला की घरात दिवसभर दोनच आवाज, पेट्यांना टेप मारल्याचा आणि फोनचा. दोन सीझनआधीपर्यंत सगळ्या ऑर्डरींना एकच नंबर होता, तो मोबाइल ओटीवर चार्जिंगला लावलेला, आणि पडवीत सगळ्यांचे हात चिकाने भरलेले, मग आतून काकांची हाक, "अरे फोन वाजताहा, घे मरे कोणीतरी!" जो घेईल तो तीन मिनिटं तरी बोलणारच, दर काय, पेटी किती डझनाची, पिकलेला देणार की कच्चा, पुण्याला कधी पोचेल. तेवढ्यात बाकीच्यांना एंगेज. दरवर्षी आठ पेट्या घेणारं पुण्याचं एक गिऱ्हाईक त्या वर्षी दुसरीकडे गेलं, नंतर भेटले तेव्हा म्हणाले दोन दिवस लावत होतो, लागलाच नाही. मला ते फार लागलं, माल उत्तम असून नुसता फोन लागला नाही म्हणून माणूस गेला, म्हणून मी या विषयामागे लागले आणि जे कळलं ते इथे सांगतेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की नंबर वेगळा आणि लाइन वेगळी. नंबर म्हणजे लोक लावतात तो, आणि लाइन म्हणजे एका वेळी एकच बोलणं चालेल अशी वाट. आपण दोन्ही एकच समजतो. धंद्याचे फोन हाताळायचे जेवढे शोध लागले ते सगळे या दोघांना वेगळं करण्याचे आहेत.

सुरुवातीला आलेला फोन हव्या त्या लाइनला जोडायचं काम माणूस करायचा. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यावसायिक एक्सचेंज सुरू झालं, ग्राहक फक्त २१. मुंबईत १८८२ ला टेलिफोन आला. ऑपरेटर विचारणार कोण पाहिजे आणि दोरीची पिन त्या भोकात घालणार. आमची आजी सांगायची की गावच्या एक्सचेंजमधला ऑपरेटर फोन जोडायच्या आधीच सांगायचा, ते बाजारात गेलेत, तासाभराने लावा. आज कंपन्या पैसे मोजून जी सोय घेतात ती हीच, फोन कुणाकडे जायला पाहिजे हे ओळखणारं कोणीतरी मधे बसलेलं असणं. फक्त त्या काळी ते सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो जेवायला गेला की गाव बंद.

हे डोकं यंत्रात घातलं ते आल्मन स्ट्राउजर यांनी. हे कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था बघायचे. असं सांगतात की प्रतिस्पर्ध्याची बायकोच ऑपरेटर होती आणि ती यांचे फोन तिकडे वळवायची. गोष्ट किती खरी ते सोडा, पेटंट मात्र खरं, १८९१ चं, आणि १८९२ ला इंडियानातल्या ला पोर्टला त्यावर एक्सचेंज चालू झालं. पुढे रूढ झालेली त्याची रचना मला फार आवडते. एक दांडा, तो आधी वर चढतो, मग आडवा फिरतो. वर १० पायऱ्या, प्रत्येक पायरीवर १० टोकं, म्हणजे एका दांड्याने १०० जण गाठता येतात. जुन्या काळ्या फोनची तबकडी आठवते? ३ फिरवलं की परत येताना ती लाइनमधला करंट तीनदा तोडायची, ० फिरवलं की दहादा, आणि तिकडे दांडा तेवढे ठोके मोजत पुढे सरकायचा.

मोठ्या एक्सचेंजात यात एक भर पडली, दांडा ठरलेल्या पायरीवर गेला की पुढे आपोआप फिरत मोकळी लाइन शोधायचा, पहिली बिझी, दुसरी बिझी, तिसरी मोकळी, तिथे थांबला. आपल्याकडे दुकानांच्या पाटीवर पूर्वी "४ लाइन्स" लिहिलेलं असायचं ना, एकच नंबर आणि मागे हंटिंग, म्हणजे मोकळी लाइन शोधणं, ते यातूनच आलं.

पण लाइनी घ्यायच्या किती? याचं उत्तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने काढलं, १९०९ आणि १९१७ च्या लेखांत, आणि फोनच्या गर्दीचं माप आजही त्यांच्याच नावाने मोजतात. समजा तासाला २० फोन येतात, प्रत्येक ३ मिनिटांचा. झाली ६० मिनिटं, म्हणजे बरोब्बर १ एर्लांग. आपल्याला वाटतं की तासात तासाभराचंच बोलणं आहे, एक लाइन पुरेल. नाही पुरत. फोन काही रांगेत एकामागून एक येत नाहीत, कधी पंधरा मिनिटं शांत आणि कधी एकदम तीन. एर्लांगच्या सूत्राने एका लाइनवर निम्म्या लोकांना एंगेज लागतो. दोन लाइनींवर पाचातल्या एकाला, तीनवर सोळातल्या एकाला आणि चारवर पासष्टातल्या एकाला. पहिली जादा लाइन घेतली तेव्हा ५० टक्क्यांवरून थेट २० वर आलो बघा. आणि यात एंगेज लागलेला माणूस परत लावत नाही असं धरलंय, खरं तर तो लगेच लावतो त्यामुळे गर्दी अजूनच वाढते.

यातली अजून एक गंमत शेजाऱ्यांच्या कामाची आहे. तेवढीच गर्दी असलेले दोन बागायतदार दोन-दोन लाइनी वेगळ्या ठेवतात तर दोघांकडे २० टक्के एंगेज, तेच चारही लाइनी एकत्र केल्या तर साडेनऊ टक्के. लाइनी त्याच, खर्च तोच.

लाइनी असूनही उचलायला माणूस नसेल तर? मग रांग लावायची. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत एका विमान कंपनीच्या बुकिंगसाठी रॉकवेल कंपनीने हे काम करणारं कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र बनवलं. ते येणारे फोन ओळीत धरून ठेवायचं आणि मोकळ्या झालेल्या माणसाला द्यायचं. सहसा सगळ्यात जास्त वेळ मोकळा बसलेला असेल त्याला आधी, म्हणजे एकाच्याच गळ्यात सगळं पडत नाही.

आणि "मराठीसाठी एक दाबा" हे शक्य झालं बटणांमुळे, जी १९६३ ला पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा ग्राहकांना मिळाली. तबकडीचे ठोके एक्सचेंजमधेच संपायचे, पलीकडच्या माणसापर्यंत जायचे नाहीत. बटण मात्र आवाज करतं, आणि आवाज बोलण्यासारखाच थेट पलीकडे पोचतो. ५ दाबलं की एकाच वेळी ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर वाजतात. दोन सूर अशासाठी की नुसत्या बोलण्याने किंवा शिट्टीने चुकून बटण दाबल्यासारखं होऊ नये.

आता मोबाइलवर हे सगळं एका सर्व्हरवर चालतं, त्यामुळे देवगडच्या घरातसुद्धा जमतं. आम्ही नंबर तोच ठेवला, मागे तीन फोन जोडले. मी सगळे एकदम वाजतील असं लावलेलं, पण मग तिघं धावायचे नाहीतर तिघंही दुसरा घेईल म्हणून बसायचे, म्हणून आता ओळीने वाजतात. बागेत रेंज नाही त्यामुळे काकांचा फोन शेवटी. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर थेट काकूकडे जातात, कारण कुणाच्या घरी आंबा कच्चा लागतो आणि कुणाला दोन दिवसांत खाण्याजोगा, हे तिला पाठ आहे. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाचा नंबर तिने स्वतः त्या यादीत पहिला घालायला लावला आणि सीझनच्या पहिल्या आठवड्यात आपणहून त्यांना फोन केला.