जेम५मध्ये मल्टिथ्रेडेड प्रोग्राम चालवणे

जेम५ हा संगणकाच्या अंतर्गत रचनेच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा मुक्त सिम्युलेटर आहे. मिशिगन विद्यापीठाचा एम५ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जेम्स या दोन सिम्युलेटरांच्या एकत्रीकरणातून तो तयार झाला आणि २०११ मध्ये लोकांसमोर आला. त्याचे घड्याळ टिकमध्ये मोजतात. नेहमीच्या मांडणीत एक टिक म्हणजे एक पिकोसेकंद. एकाच थ्रेडचा, म्हणजे सूचनांचा एकच प्रवाह असलेला, प्रोग्राम त्यात चालवायला फारशी खटपट पडत नाही. थ्रेड एकाहून अधिक झाले की मात्र प्रोग्राम आणि सिम्युलेटर यांच्या मधली ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

जेम५ दोन पद्धतींनी चालतो. सिस्कॉल-एम्युलेशन, म्हणजे एसई पद्धतीत, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतोच. प्रोग्रामने सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी) केला की तो सिम्युलेटर स्वतःच हाताळतो. फुल-सिस्टिम, म्हणजे एफएस पद्धतीत, खरा लिनक्स कर्नल डिस्क इमेजवरून बूट होतो. नवशिके बहुधा एसईपासून सुरुवात करतात, आणि बहुतेक अडचणीही तिथेच येतात.

एसईमध्ये कोअरवर थ्रेडची पाळी ठरवणारा शेड्यूलर नाही. त्यामुळे एका थ्रेडला एक हार्डवेअर कॉन्टेक्स्ट (थ्रेड चालवायची कोअरमधली जागा), असा सरळ हिशेब असतो. दोन थ्रेड एका कोअरवर आळीपाळीने चालत नाहीत. समजा चार कोअर मांडले आणि प्रोग्रामने चार कामकरी थ्रेड मागितले. मेन थ्रेड धरून पाच झाले. शेवटच्या थ्रेडच्या वेळी नवा थ्रेड काढणाऱ्या क्लोन कॉलला रिकामा कॉन्टेक्स्ट सापडत नाही आणि तो ‘तात्पुरते साधन उपलब्ध नाही’ ही ११ क्रमांकाची चूक परत करतो. सी++ मध्ये याचा अपवाद फेकला जातो, तर थ्रेडिंगची तयार सोय देणाऱ्या ओपनएमपीचा प्रोग्राम थ्रेड निर्माण झाला नाही असे सांगून थांबतो. म्हणून एन कोअर असतील तर एन वजा एक नवे थ्रेड काढावेत आणि उरलेला वाटा मेन थ्रेडलाच करायला लावावा. मशीनवर किती कोअर आहेत हे प्रोग्रामने स्वतः विचारले, तर उत्तर यजमान संगणकाचे (ज्यावर जेम५ चालतो त्याचे) आले की सिम्युलेट केलेल्या यंत्राचे, हे एकदा छापून पाहावे.

मांडणीतली नेहमीची चूक निराळीच. प्रत्येक कोअरला वेगळी प्रोसेस दिली तर ते चार स्वतंत्र प्रोग्राम होतात. त्यांची मेमरी एकमेकांना दिसत नाही. मल्टिथ्रेडेड प्रोग्रामसाठी सगळ्या कोअरच्या वर्कलोडमध्ये एकच प्रोसेस द्यायची असते. सुरुवातीला फक्त पहिला कोअर जागा असतो, बाकीचे क्लोन येईपर्यंत थांबून राहतात.

प्रोग्राम स्टॅटिक लिंक केला (लायब्ररी फाइलमध्येच जोडून टाकल्या) तर लायब्ररी शोधण्याची कटकट वाचते, पण लिनक्सवरची सी भाषेची मुख्य लायब्ररी जीलिबसी हिच्या २.३४ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक खोच आहे. पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीची काही चिन्हे (फंक्शनांची नावे) ‘वीक’, म्हणजे नसली तरी चालतील अशी, असल्याने लिंकर ती गाळतो, कॉल शून्य पत्त्यावर जातो आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. त्यासाठी पीथ्रेडची अख्खी आर्काइव्ह आत घेण्याचा पर्याय लिंकरला द्यावा लागतो. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ पासून पीथ्रेड मुख्य लायब्ररीतच विलीन झाल्याने ही युक्ती लागत नाही. एम५थ्रेड्स ही खास पर्यायी लायब्ररी क्लोन आणि फ्युटेक्स (थ्रेडला झोपवणारा-उठवणारा सिस्टिम कॉल) यांचा जेम५मधला आधार अपुरा होता त्या काळातली. जुन्या मार्गदर्शिकांत ती दिसली तर सोडून द्यावी.

प्रोग्राम लटकला की शेवटची ओळ नीट वाचावी. टिक १८४४६७४४०७३७०९५५१६१५ वर, ‘मर्यादा गाठली’ या कारणाने सिम्युलेशन संपले असे दिसले, तर तो वेळ खरा नव्हे. ही ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे. सगळे थ्रेड फ्युटेक्सवर झोपले, घटनांची रांग रिकामी झाली आणि घड्याळ थेट शेवटच्या टोकाला गेले, एवढाच त्याचा अर्थ. मेमरीसाठी रुबी हे जेम५चे तपशीलवार मॉडेल वापरले असेल आणि एखादी विनंती अडकली असेल, तर ५,००,००० सायकलींच्या ठरलेल्या मर्यादेनंतर कोअरच्या विनंत्या घेणारा रुबीचा सीक्वेन्सरच संभाव्य डेडलॉकची (कोंडीची) तक्रार करून सिम्युलेशन थांबवतो. तेव्हा दोष प्रोग्रामपेक्षा कॅशेंचा मेळ राखणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये शोधावा. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरच्या लॉक उपसर्गाच्या, म्हणजे मेमरीतला बदल अखंडपणे करणाऱ्या, सूचना जुन्या आवृत्त्यांतील क्लासिक (रुबीऐवजीच्या साध्या) कॅशेमध्ये, वेळ मोजणाऱ्या टायमिंग मॉडेलवर भरवशाच्या नव्हत्या, म्हणून अनेक कोअरच्या एक्स८६ साठी रुबी घेण्याचा प्रघात पडला.

एसईचा खरा तोटा मात्र आकड्यांत लपतो. सिस्टिम कॉल जवळजवळ फुकटात उरकतो. झोपलेल्या थ्रेडला उठवणे आणि कॉन्टेक्स्ट बदलणे यांचा खर्च हिशेबात येतच नाही. लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपावर) सतत झगडणारा प्रोग्राम त्यामुळे उगाचच चपळ दिसतो. असे काम एफएसमध्येच मोजावे. तिथे बूटचा वेळ वाचवण्यासाठी सूचना यजमानाच्या खऱ्या प्रोसेसरवरच चालवणारा केव्हीएम कोअर वापरतात, अर्थात यजमान संगणक त्याच आर्किटेक्चरचा असेल तरच, आणि मोजायच्या भागाआधी तपशीलवार कोअरवर जातात. केव्हीएमवर प्रोग्राममधून सिम्युलेटरला संदेश देणारी एम५ ची खास सूचना सिम्युलेटरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिचा मेमरीच्या पत्त्यावर आधारलेला प्रकार वापरावा लागतो.

मोजणी रीसेट करण्याची जागाही महत्त्वाची. सर्व थ्रेड पहिल्या बॅरियरपाशी (एकमेकांसाठी थांबायच्या जागी) जमल्यावर एकाच थ्रेडने आकडे शून्य करावेत. आधीच केले तर थ्रेड निर्मितीचा वेळही मोजला जातो, आणि प्रत्येक थ्रेडने केले तर आधीचे आकडे पुसले जातात. सायकलमागे किती सूचना झाल्या यावर विसंबू नये, कारण लॉकसाठी फिरत बसलेला थ्रेड काहीच काम न करता भरपूर सूचना पार पाडतो. एकूण वेळ पाहावा. तोही एका फेरीचा नको: कॅशेचा विलंब एका सायकलने बदलला तरी लॉक कोणाला आधी मिळते हे बदलू शकते. अलामेलदीन आणि वुड यांनी २००३ मध्ये सुचवल्याप्रमाणे मेमरीच्या विलंबात बारीकसा यादृच्छिक फरक घालून अनेक फेऱ्या घेतात आणि सरासरीसोबत विचलनही देतात.

फेऱ्या वाढवताना वेळेचा अंदाज आधी बांधावा. तपशीलवार मॉडेलचा वेग सेकंदाला एक लाख सूचना धरला, तर दोन अब्ज सूचनांना वीस हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास लागतात. जेम५ नेहमीच्या मांडणीत यजमानाचा एकच कोअर वापरतो, त्यामुळे प्रत्येकी तेवढ्याच सूचनांचे चार कोअर घेतले की तेच काम बावीस तासांवर जाते. पार्सेक या मल्टिथ्रेडेड चाचणी-प्रोग्रामांच्या संचात सिमस्मॉल, सिममीडियम आणि सिमलार्ज असे सिम्युलेटरसाठीचे वेगळे इनपुट दिले आहेत ते यासाठीच.