‘प्लेटलेट किती आल्या?’ विचारण्याआधी

पोळ्याच्या सुमारास डेंग्यूमुळे आमच्या नागपुरातल्या लॅबचा फोन खाली ठेवायला फुरसत नसते. विचारणं एकच: ‘मॅडम, प्लेटलेट किती आल्या?’ म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी किती उरल्या. पेशंट कशी आहे, असं आम्ही उलट विचारलं की उत्तर येतं, ‘ताप तं उतरला बाप्पा. नुसती पडून हाये, पोट दुखते म्हणते.’ आम्हाला त्या आकड्यापेक्षा या पोटदुखीची धास्ती जास्त वाटते. म्हणून हा कागद.

ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास सोडतो. डेंग्यूत इथंच चुकतं. अवघड काळ बहुतेक वेळा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना सुरू होतो आणि 24 ते 48 तास राहतो. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग झिरपून पोटात, छातीत जमतो. मागे उरलेलं रक्त घट्ट होतं, बीपी खाली येतं. अशा वेळी अंग गार लागतं आणि घरच्यांना वाटतं, चला, बरं वाटतंय.

तेव्हा ताप गेल्यावरचे दोन दिवस थर्मामीटर बाजूला ठेवा आणि माणसाकडे बघा. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, शी काळी होतेय, पाळीत नेहमीपेक्षा जास्त जातंय, दम लागतोय, हातपाय गार पडलेत, चार-सहा तासांत लघवीच झाली नाही. एरवी घर डोक्यावर घेणारं पोर गप्प पडून राहिलं, तर तेही यातच धरा. यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका, आम्हाला फोनही करू नका. तुमचे डॉक्टर भेटत नसतील तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता आमच्याबद्दलच्या तक्रारी. ‘फक्त प्लेटलेट करून द्या, पूर्ण सीबीसी कायले?’ सीबीसी म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. ती करतो, कारण त्याच कागदावर हिमॅटोक्रिट असतं, रक्त किती घट्ट झालं ते सांगणारं. ते 40 वरून 48 वर गेलं आणि सोबत प्लेटलेट झपाट्याने घसरल्या, तर डॉक्टर लगेच सावध होतात. नुसत्या प्लेटलेटवरून हे कळत नाही.

दुसरी तक्रार उशिराची. मशीनचा आकडा एक लाखाच्या खाली आला की आम्ही स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीनला त्या कमी दिसतात आणि घरी रडारड सुरू होते. ती टाळायला आमची वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या.

आजार असेपर्यंत लॅब एकच ठेवा. आमचीच ठेवा असं नाही, पण एकच. दोन मशीनच्या आकड्यांत फरक पडतोच, आणि 62 हजार खरे की 54 हजार यावर निम्मा दिवस जातो. तपासणी किती वेळा करायची ते डॉक्टर ठरवतील. प्लेटलेट चढवायच्या का, हेही तेच ठरवतील, नुसत्या आकड्यावरून ते ठरत नाही. पपईच्या पानांच्या रसावरून आम्ही कोणाशी भांडत नाही, फक्त त्यापायी पाणी आणि ओआरएस मागे पडू नये. तो कडू रस पिऊन उलटी झाली, तर ती रसाची की आजाराची हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. अंगदुखीला मनानेच आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यू निघाला की आम्हाला मनपाला कळवावं लागतं, 2016 पासून तसा नियमच आहे. कर्मचारी येऊन खिडकीतल्या कूलरचं साचलेलं पाणी बघतात, त्याचा राग कृपया आमच्यावर काढू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत रोगराई घेऊन जा म्हणून ओरडून आल्यावर तेवढी टाकी रिकामी करून घासून टाकली, तर ते कशाला येतील?

पेशंटला उठवत नसेल तर सॅम्पल घ्यायला आम्ही घरी येतो, त्याच आजारातल्या पुढच्या फेरीचे वेगळे पैसे घेत नाही. उपाशी राहायची गरज नाही. आधीचा रिपोर्ट जवळ ठेवा आणि ताप कोणत्या तारखेला चढला ते लिहून ठेवा. डेंग्यूची तपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस1 करायची असते, नंतर आयजीएम, आणि ‘असेल चार-पाच दिवस’ म्हटलं की यातली कोणती करायची ते न कळून आमच्या लॅबचा मुलगा दारात सुई हातात घेऊन उभाच राहतो.