२० ग्रॅमचा आकडा आला कुठून? कमी कर्बोदकांच्या आहाराची पार्श्वभूमी

कमी कर्बोदकांचा आहार सुरू करायचा म्हटले की कुणी दिवसाला २० ग्रॅम कर्बोदके सांगते, कुणी ३०, कुणी ५०, तर कुणी १३०. हे आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या आजारांच्या माणसांसाठी काढले गेले आहेत. कोणता आकडा कुणासाठी होता हे ठाऊक असले की आपल्याला काय झेपेल आणि काय लागू पडेल ते ठरवता येते. ते न पाहता आकडा उचलला, तर आकडी (फिट) येणाऱ्या मुलांसाठी आखलेले पथ्य पोट कमी करायला निघालेला चाळिशीचा माणूस पाळू लागतो, आणि महिनाभरात सोडतो.

जुनी मुळे मधुमेहात आहेत. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराच्या, रुग्णासाठी जवाला मुख्य धान्याचे स्थान दिले आहे. म्हणजे धान्य बंद करण्याऐवजी ते बदलायचे, हा विचार आपल्याकडे फार पूर्वीचा. कर्बोदके जवळजवळ बंदच करण्याचा नोंदवलेला प्रयोग ब्रिटिश लष्करी वैद्य जॉन रोलो यांचा. मधुमेहाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी मुख्यतः मांस आणि चरबीवर ठेवले, लघवीतली साखर कमी झाली, आणि १७९७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

वजनासाठी हा आहार गाजला तो विल्यम बँटिंग यांच्यामुळे. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा हा गृहस्थ १८६२ मध्ये ६५ वर्षांचा होता. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. यकृत साखर तयार करते हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे संशोधन हार्वींनी पॅरिसमध्ये ऐकले होते. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती इतकी पसरली की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. एक तपशील मात्र नेहमी सुटतो: त्यांच्या रोजच्या खाण्यात कोरडा टोस्ट होता, थोडे फळ होते, वाइनही होती. आजच्या अर्थाने तो कीटो, म्हणजे जवळजवळ चरबीवरच चालणारा, आहार नव्हताच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मधुमेहाच्या उपचारांची गाडी उपासमारीपर्यंत गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन रुग्णांचे खाणे इतके कमी करत की साखर आटोक्यात येई आणि मूल हाडांचा सापळा होई. दुसरा उपायच नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले, तेव्हा त्याचे वजन अवघे ६५ पौंड होते. इन्सुलिन आले आणि ताटात पाव, भात हळूहळू परतले. कर्बोदके कमी करण्याचे कारणच संपले असे पुढची काही दशके मानले गेले.

आज ज्याला कीटो म्हणतात त्याचा जन्म मात्र याच सुमारास, अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या आजाराच्या, उपचारातून झाला. उपास केला की आकड्या थांबतात हे दिसत होते, पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी सुचवले की स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदके नगण्य ठेवली, तर उपासात चरबीपासून तयार होणारे कीटोन खात-पीत असतानाही तयार होतील. तिथल्याच पीटरमन यांनी १९२५ मध्ये प्रमाण ठरवून दिले: वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके, उरलेली सगळी ऊर्जा चरबीतून. रुग्णालयात आजही ४:१ चा हिशेब चालतो. ४ ग्रॅम चरबीमागे प्रथिने आणि कर्बोदके मिळून १ ग्रॅम, म्हणजे ९० टक्के ऊर्जा चरबीची. यात तोंडी अंदाज चालत नाही. प्रत्येक घास वजनकाट्यावर तोलतात, जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम वेगळे देतात, मुतखड्यावर लक्ष ठेवतात. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आल्यावर हे पथ्य मागे पडले आणि १९९० च्या दशकात पुन्हा वर आले. वजन कमी करणाऱ्याला ९० टक्के चरबीची काहीही गरज नाही. त्याच्या अंगावरची चरबी जळायला हवी आहे, ताटातली नव्हे.

या शाखेतली एक गफलत कोकण-गोव्यात हमखास होते. १९७१ मध्ये अपस्मारासाठी मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल वापरायला सुरुवात झाली, कारण त्यातून कीटोन लवकर बनतात. ते तेल खोबरेलातून वेगळे काढतात, म्हणून खोबरेल तेलच तसे काम करते असा समज झाला. प्रत्यक्षात खोबरेलात ही ८ आणि १० कार्बनची मेदाम्ले १५ टक्क्यांच्या आसपासच असतात. खोबरेल जरूर खावे, पण स्वयंपाकाचे तेल म्हणून.

२० ग्रॅमचा आकडा न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचा. १९६३ मध्ये स्वतःचे वजन उतरवण्यासाठी त्यांनी ही पद्धत वापरली आणि १९७२ मध्ये पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकन वैद्यक संघटनेने त्यावर कडक टीका केली. त्यांच्या पद्धतीत २० ग्रॅम हा फक्त पहिला, किमान दोन आठवड्यांचा टप्पा आहे. नंतर दर आठवड्याला रोजच्या खाण्यात ५ ग्रॅम वाढवत जायचे, वजन उतरायचे थांबले की एक पायरी मागे यायचे, आणि आपली मर्यादा स्वतः शोधायची. लोकांनी पहिला टप्पा लक्षात ठेवला आणि शिडी विसरली. पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-तीन किलोही फसवे असतात: यकृत आणि स्नायूंतल्या साठ्याच्या साखरेच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, ते आधी जाते. इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठही बाहेर टाकतात. डोके दुखणे, थकवा, पोटऱ्यांत गोळे येणे हे सगळे त्यातून येते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास नसेल तर ताकात मीठ घालून घेतल्याने हे बरेचसे थांबते.

३० ग्रॅम हा रिचर्ड बर्नस्टाईन यांचा. ते अभियंता होते, लहानपणापासून टाइप १ मधुमेही. १९६९ च्या सुमारास फक्त डॉक्टरांना मिळणारा रक्तशर्करा मोजण्याचा यंत्रसंच त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावाने मिळवला आणि दिवसात अनेकदा साखर मोजू लागले. पुढे ते स्वतःही डॉक्टर झाले. त्यांची वाटणी सकाळी ६, दुपारी १२, रात्री १२ ग्रॅम अशी होती. यामागचे गणित आम्हाला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. खाण्याचा अंदाज २० टक्क्यांनी चुकला, तर ६० ग्रॅममध्ये १२ ग्रॅमची चूक होते आणि १२ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅमचीही नाही. इन्सुलिनचा डोस चुकण्याचे प्रमाणही तसेच घटते. हा आकडा इन्सुलिन टोचणाऱ्या माणसाचा आहे. ज्याला डोसच मोजायचा नाही, त्याला ही काटेकोर वाटणी लागत नाही.

दरम्यान ‘किती’ सोडून ‘कोणती’ या प्रश्नाकडे लक्ष गेले. १९८१ मध्ये टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स यांनी कोणता पदार्थ रक्तशर्करा किती चढवतो ते सांगणारा ग्लायसेमिक निर्देशांक मांडला. १९९५ मध्ये बॅरी सिअर्स यांनी कर्बोदके, प्रथिने, चरबी अशी ४०-३०-३० टक्क्यांची विभागणी आणली, आणि मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगाट्स्टन यांनी २००३ मध्ये दोन आठवडे धान्य-फळे बंद आणि मग निवडक परत, अशी मधली वाट काढली.

१३० चा आकडा २००२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजच्या सरासरीवरून ठरवला. रोज निदान एवढी घ्यावीत अशी ती शिफारस होती. पुढे संशोधकांनी तीच ‘कमी कर्बोदके’ म्हणण्याची वरची सीमा धरली. २००० किलोकॅलरीत १३० ग्रॅम म्हणजे २६ टक्के. ५० च्या खाली गेले की ‘अतिकमी’.

मग या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. इस्रायलमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत (२००८, ३२२ जण) कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन ४.७ किलो, भूमध्य (ऑलिव्ह तेल, भाज्या, मासळीच्या) आहाराचे ४.४ आणि कमी चरबीचे २.९ किलो उतरले. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ जणांवर वर्षभरात कमी कर्बोदके ६.० किलो आणि कमी चरबी ५.३ किलो, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. वजनासाठी जो आहार वर्षभर निभावेल तो घ्यावा. रक्तशर्करेचे तसे नाही: अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने मान्य केले की साखर सुधारण्याबाबत कर्बोदके घटवण्याच्या बाजूचा पुरावा सर्वाधिक आहे.

भारतात आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या आधारे २०२२ मध्ये जे प्रारूप मांडले गेले, त्यात नव्या मधुमेह्यांसाठी कर्बोदके एकूण ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिने १९-२० टक्क्यांवर आणायची होती. कीटोच्या मानाने हे मवाळ वाटेल, पण आपल्या ताटात ६० टक्क्यांहून अधिक कर्बोदकेच असतात. महाराष्ट्रात गाजलेली, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पसरवलेली दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत या वंशावळीत शेजारची आहे. तिचाही धागा इन्सुलिनचा आहे, पण भर वेळेवर आहे. ग्रॅम ती मोजत नाही.

आता आपल्या ताटाचा हिशेब. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदके. ३० ग्रॅम कणकेची पोळी १९ ग्रॅम. ५० ग्रॅम तांदळाचा भात ३९ ग्रॅम. २५ ग्रॅम तूरडाळीचे वरण १४ ग्रॅम. सपाट चमचा साखर ५ ग्रॅम. उपासाला ७५ ग्रॅम साबुदाणा घेतला की ६५ ग्रॅम झाले. पीठ शिजण्याआधी, कोरडेच तोला. पोळीच्या आकारावरून केलेला अंदाज सर्रास चुकतो. दुसरी चूक तंतूंची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत कर्बोदकांतून तंतू आधीच वजा केलेले आहेत; अमेरिकी तक्त्यांत ते धरलेले असतात. मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये दोन्हींची सरमिसळ असते, आणि तंतू दोनदा वजा झाले की ज्वारी उगाच हलकी दिसते.

या हिशेबाने दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, दही आणि दोन भाज्या १२० ग्रॅमच्या आत बसतात. २० ग्रॅममध्ये भाकरी बसत नाही, आणि वाटीभर वरणानेच १४ ग्रॅम संपतात. मांसाहारी घरात अंडी-मासळीने हे भागते. शाकाहारी माणसाची डाळ गेली की प्रथिनेच जातात, आणि ६० किलोच्या माणसाला लागणारी ६० ग्रॅम प्रथिने निव्वळ पनीर आणि शेंगदाण्यांवर भरून काढणे फार दिवस जमत नाही. म्हणून शाकाहाऱ्याने १०० ते १३० मध्येच राहावे, साखर आणि साबुदाणा आधी काढावा, मग भात, मग दुसरी पोळी.

औषधे चालू असतील तर क्रम उलटा: आधी डॉक्टर, मग ताट. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन तसेच ठेवून भाकरी काढली, तर पहिल्याच दिवशी साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कीटो करू नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते, आणि ग्लुकोमीटर ते दाखवत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासायला थेट रुग्णालय गाठावे. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि मूत्रपिंडाच्या आजारात २०-३० ग्रॅमच्या वाटेला जाऊ नये. इतरांनी सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासून ठेवावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. काहींचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तूप-लोणी वाढल्याने चढते. तसे दिसले तर आहार मोडण्याआधी तूप कमी करून शेंगदाणा किंवा तिळाचे तेल घ्यावे, आणि सहा आठवड्यांनी परत तपासावे.