जपानच्या राजघराण्यातील दीर्घ संसारांची पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर २०१६ रोजी जपानचे राजपुत्र मिकासा ताकाहितो यांचे टोकियोत निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती आणि राजपुत्रपत्नी युरिको यांच्याशी झालेल्या विवाहाला ७५ वर्षे पूर्ण होऊन अवघे पाच दिवस झाले होते. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांच्या सहजीवनाची चर्चा जगभर झाली; ते १९४७ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे ७३ वर्षे टिकले. मिकासा दांपत्याचे सहजीवन त्याहून दीर्घ असूनही जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याच घराण्यात सम्राट हिरोहितो आणि सम्राज्ञी नागाको यांचा संसार ६५ वर्षांना काही दिवस कमी असताना सम्राटांच्या निधनाने संपला, तर पदत्याग केलेले सम्राट अकिहितो आणि मिचिको यांच्या विवाहाला एप्रिल २०२४ मध्ये ६५ वर्षे झाली. एकाच घरात इतके दीर्घ संसार पाहून ही या घराण्याची प्राचीन रीत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शतकानुशतकांची परंपरा सांगणाऱ्या या घराण्यात एकपत्नीत्वाचा काळ जेमतेम चार पिढ्यांचा आहे, आणि ते ज्या क्रमाने रुजले त्यात तत्त्वाइतकाच योगायोगाचाही भाग होता.

हिरोहितो यांचे आजोबा सम्राट मेजी यांचा विवाह १८६९ मध्ये इचिजो घराण्यातील हारुको यांच्याशी झाला. हा विवाह १९१२ मध्ये सम्राटांचे निधन होईपर्यंत टिकला, परंतु त्यांना अपत्य झाले नाही. सम्राटांची पंधरा मुले झाली ती दरबारातील पाच सरदारकन्यांपासून, आणि त्यांपैकी दहा लहानपणीच दगावली. जगलेला एकुलता एक मुलगा योशिहितो हा यानागिवारा नारुको यांच्या पोटी १८७९ मध्ये जन्मला. १८८९ च्या राजघराणे कायद्याने तर ही व्यवस्था लेखी मान्य केली होती: औरस पुत्र नसेल तर उपपत्नीचा पुत्र गादीवर येऊ शके. त्या काळी बालमृत्यूचे प्रमाण पाहता अंतःपुर ही विलासाची बाब असण्यापेक्षा वंशाचा विमाच अधिक होती, असे म्हणावे लागते.

तरीही मेजी काळाला जगापुढे वेगळे चित्र मांडायचे होते. युरोपातील राजे आपल्या राण्यांसह लोकांपुढे येत, विवाहाचे वाढदिवस साजरे करीत. आधुनिक म्हणवून घ्यायचे तर जपानच्या सम्राटालाही तसे करणे भाग होते. म्हणून ९ मार्च १८९४ रोजी सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा झाला आणि त्यानिमित्त दोन व पाच सेन किमतीची टपाल तिकिटे निघाली, ज्यांवर मध्ये गुलदावदीचे राजचिन्ह आणि दोन्ही बाजूंस क्रौंच पक्षी होते. जपानची ही पहिली स्मारक तिकिटे. ज्या विवाहाच्या गौरवार्थ ती छापली गेली, त्या विवाहाबाहेर, दरबारी स्त्रीपासून, सम्राटांना १८९६ आणि १८९७ मध्ये आणखी दोन मुली झाल्या, हा तपशील त्या काळी कोणाला विसंगत वाटला नाही. प्रतिमा आधी बदलली. घरातला व्यवहार बदलण्यास अजून एक पिढी लागायची होती.

ती पिढी योशिहितो यांची, म्हणजे पुढील सम्राट तैशो यांची. १० मे १९०० रोजी युवराज असताना त्यांचा विवाह कुजो सादाको यांच्याशी झाला. राजवाड्यातील देवस्थानापुढे, शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या विधींनी झालेला हा सोहळा इतका गाजला की त्याचे अनुकरण करून सामान्य लोकही देवस्थानात लग्ने लावू लागले. आज जी ‘परंपरागत’ शिंतो विवाहपद्धती म्हणून ओळखली जाते, तिचा प्रसार या सोहळ्यानंतरचा आहे. वधूचे वय पंधरा होते. पुढील पंधरा वर्षांत त्यांना चार पुत्र झाले: हिरोहितो, यासुहितो, नोबुहितो आणि सर्वांत धाकटे ताकाहितो. चारही मुलगे, चारही धडधाकट. त्यामुळे उपपत्नी आणण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. घराण्यातील एकपत्नीत्वाची सुरुवात अशी प्रतिज्ञेने नव्हे, तर गरज न पडल्याने झाली. सम्राट तैशो यांची प्रकृती मात्र ढासळत गेली, १९२१ मध्ये हिरोहितो यांच्याकडे राजप्रतिनिधीपद आले आणि १९२६ च्या नाताळच्या दिवशी सम्राटांचे निधन होऊन २६ वर्षांचा हा संसार संपला.

खरी कसोटी हिरोहितो यांच्या वेळी लागली. त्यांच्यासाठी कुनी या राजशाखेतील नागाको यांची निवड १९१८ मध्ये झाली होती. नागाको यांची आई सात्सुमा प्रांताच्या शिमाझू घराण्यातील, आणि त्या घराण्यात रंगांधळेपणाचा दोष असल्याची बातमी १९२० मध्ये दरबारात पोहोचली. चोशू प्रांताचे प्रतिनिधी मानले जाणारे वृद्ध मुत्सद्दी यामागाता आरितोमो यांनी हे स्थळ मोडावे असा आग्रह धरला. वैद्यकीय चिंतेमागे सात्सुमा आणि चोशू यांच्यातील जुनी चुरस होती की नाही, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मुलीचे वडील मागे हटले नाहीत, राष्ट्रवादी गट ‘दिलेला शब्द सम्राटाच्या घराने मोडू नये’ या बाजूने उभे राहिले आणि अखेर १० फेब्रुवारी १९२१ रोजी निवडीत बदल होणार नसल्याचे जाहीर करण्यात आले. १९२३ च्या शरदात ठरलेले लग्न १ सप्टेंबरच्या कांतो भूकंपामुळे पुढे ढकलावे लागले, डिसेंबरात तोरानोमोन येथे हिरोहितो यांच्या मोटारीवर गोळी झाडली गेली, आणि एवढ्या विघ्नांनंतर २६ जानेवारी १९२४ रोजी अक्षता पडल्या (शब्दशः नव्हेत, पण आपल्याकडे असेच म्हटले गेले असते).

त्यानंतर मुली होऊ लागल्या. १९२५, १९२७, १९२९ आणि १९३१ अशा ओळीने चार कन्या झाल्या; त्यांतली दुसरी तान्हेपणीच वारली. कायद्याने उपपत्नीची वाट अजून खुली होती, सम्राटांचे आजोबा त्याच वाटेने गेले होते आणि वडीलही स्वतः तिच्यामुळेच गादीचे वारस झाले होते, त्यामुळे दरबारातील ज्येष्ठांनी तसे सुचवणे त्यांच्या दृष्टीने कर्तव्यच होते. हिरोहितो यांनी नकार दिला. गादी धाकट्या भावांकडे जाऊ शकते, ही त्यांची भूमिका होती, आणि ती घेणे त्यांना शक्य झाले याचे श्रेय पुन्हा त्या चार मुलग्यांच्या योगायोगाकडेच जाते. राजवाड्यातच राहणाऱ्या अविवाहित सरदारकन्यांची जुनी व्यवस्था त्यांनी १९२० च्या दशकातच मोडीत काढली होती, त्यामुळे उपपत्नी जिथून येत तो दरवाजाच बंद झाला होता. २३ डिसेंबर १९३३ च्या पहाटे राजवाड्यातून टोकियोला ऐकू जाईल असा भोंगा वाजला. मुलगी झाली तर एकदा आणि मुलगा झाला तर दोनदा, असा संकेत ठरलेला होता. या वेळी तो दोनदा वाजला, आणि अकिहितो यांच्या जन्माने हा विषय त्या पिढीपुरता मिटला.

मात्र हा संसार आजच्या अर्थाने कौटुंबिक नव्हता. अकिहितो तीन वर्षांचे झाल्यावर त्यांना प्रथेनुसार आईवडिलांपासून वेगळे करून स्वतंत्र वाड्यात सेवकांच्या देखरेखीखाली वाढवण्यात आले. पतिपत्नी एकत्र, मुले मात्र दूर, अशी ती रचना होती.

युद्धातील पराभवानंतर, १९४७ मध्ये लागू झालेल्या नव्या राजघराणे कायद्याने वारसाहक्क फक्त औरस वंशापुरता मर्यादित केला. हिरोहितो यांनी वैयक्तिक निर्णय म्हणून जे पाळले होते, ते आता बंधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकरा शाखाघराण्यांतील ५१ व्यक्तींना राजदर्जा सोडावा लागला. सम्राज्ञी नागाको यांचे माहेरही त्यांत होते. गादीवर फक्त पुरुषाने बसावे, ही जुनी अट मात्र तशीच राहिली, आणि राजकन्येने बाहेरच्या पुरुषाशी विवाह केल्यास तिने घराणे सोडावे, हेही कायम राहिले. उपपत्नी गेल्या, शाखा गेल्या, मुलींना वाव नाही. म्हणजे घराण्याचा सगळा भार प्रत्येक पिढीतील एकदोन विवाहांवर आला. हा बदल झाला तेव्हा राजपुत्रांची संख्या पुरेशी होती, म्हणून त्याचे गांभीर्य कोणाला जाणवले नसावे.

मिकासा दांपत्याचा संसार या दोन्ही कायद्यांच्या काळावर पसरलेला आहे. व्हायकाउंट ताकागी यांच्या कन्या युरिको १८ वर्षांच्या असताना २२ ऑक्टोबर १९४१ रोजी हा विवाह झाला आणि दीड महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. ताकाहितो यांनी १९४३ मध्ये वेगळे नाव धारण करून नानजिंग येथे लष्करी अधिकारी म्हणून काम केले आणि चीनमधील जपानी सैन्याच्या वर्तनावर तिथेच कडक टीका केली. १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यांचे घर जळाले, तेव्हा वर्षाच्या मुलीला घेऊन हे कुटुंब आश्रयस्थानात राहिले. युद्धानंतर त्यांनी प्राचीन पश्चिम आशियाच्या इतिहासाचा अभ्यास केला, महाविद्यालयात शिकवले आणि लोकनृत्याच्या मेळाव्यांत ते हौसेने सहभागी होत. दोन मुली आणि तीन मुलगे असा हा भरला संसार. पण तिन्ही मुलगे २००२, २०१२ आणि २०१४ मध्ये आईवडिलांच्या आधी गेले. दीर्घायुष्याची ही किंमत आकड्यांतून दिसत नाही. पतीच्या मागे युरिको आठ वर्षे जगल्या आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तल्या.

अकिहितो यांच्या विवाहाने दुसरी चौकट मोडली. ऑगस्ट १९५७ मध्ये कारुइझावा येथील टेनिस स्पर्धेत त्यांची मिचिको शोदा यांच्याशी गाठ पडली. मिचिको पीठगिरण्यांच्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी, कॅथलिक महाविद्यालयात शिकलेली, पण सरदार घराण्यातील नव्हे. माजी सरदार घराण्यांतील स्त्रियांना हे रुचले नाही, आणि सम्राज्ञी नागाको यांचीही नाराजी होती, असे एका दरबारी अधिकाऱ्याच्या पुढे प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवरून दिसते. जनतेला मात्र ते विलक्षण आवडले. १० एप्रिल १९५९ ची मिरवणूक पाहता यावी म्हणून लोकांनी दूरचित्रवाणी संच घेतले आणि एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या वर्गणीदारांची संख्या वर्षभरात दहा लाखांवरून वीस लाखांवर गेली. या दांपत्याने मुले स्वतःजवळ वाढवली. १९६० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर जाताना मिचिको यांनी तान्ह्या नारुहितोच्या संगोपनाविषयी सेविकांसाठी लेखी सूचना ठेवल्या, त्यांना वृत्तपत्रांनी कौतुकाने ‘नारु-चान संविधान’ असे नाव दिले. त्याच वर्षी हे जोडपे भारतात आले आणि दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची कोनशिला अकिहितो यांच्या हस्ते बसवली गेली. त्यानंतर ५३ वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघे सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून पुन्हा दिल्ली आणि चेन्नईला आले.

या संसाराची भाषाही आधीच्या सम्राटांहून निराळी होती. विवाहाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी परस्परांना किती गुण द्याल, असे विचारले असता अकिहितो यांनी गुण देणे टाळून पत्नीला ‘प्रयत्नांबद्दलचे पारितोषिक’ देऊ केले होते, तर मिचिको यांनी आपण ‘आभारपत्र’ देऊ असे सांगितले होते. २००९ मध्ये सुवर्णमहोत्सवाच्या वेळी अकिहितो म्हणाले की आता आपणही आभारपत्रच देऊ, जरी सम्राज्ञी याही वेळी प्रयत्नांचे पारितोषिकच हवे म्हणून आग्रह धरीत आहेत. ज्यांचे आजोबा-पणजोबा पत्नीविषयी जाहीरपणे चकार शब्द काढत नसत, त्या घराण्यात हा संवाद होणे लक्षणीय आहे. २०१३ मध्ये दोघांच्या अंत्यसंस्काराची योजना जाहीर झाली, तेव्हा एकाच समाधीत दोघांना ठेवण्याचा विचार सम्राटांनी केला होता आणि सम्राटांच्या समाधीत आपण असणे मर्यादेला धरून नाही म्हणून सम्राज्ञींनी तो नाकारला, असे कळले. शेवटी शेजारीशेजारी दोन लहान समाधी बांधायचे ठरले.

दीर्घ विवाह म्हणजे सुखी विवाह, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. १९४७ च्या कायद्यात घटस्फोटानंतर स्त्रीने राजदर्जा सोडावा अशी तरतूद आहे, म्हणजे घटस्फोट अशक्य नाही. तरी घराण्यात राहिलेल्या कोणत्याही दांपत्याने तो घेतलेला नाही. मिकासांचे थोरले पुत्र तोमोहितो आणि त्यांच्या पत्नी नोबुको शेवटची अनेक वर्षे वेगळे राहत होते, विवाह मात्र कागदावर टिकला. मिचिको यांची वाचा १९९३ मध्ये काही महिने गेली होती. त्याच वर्षी त्यांचे थोरले पुत्र नारुहितो यांच्याशी विवाह होऊन आलेल्या मासाको यांच्यावर मुलगा होण्याचे दडपण इतके आले की २००४ मध्ये त्यांना समायोजन विकार, म्हणजे ताणातून येणारा मानसिक आजार, झाल्याचे जाहीर करावे लागले. दुसरी पत्नी नाही, म्हणजे जे पूर्वी अनेक स्त्रियांकडून अपेक्षिले जाई ते आता एकीकडून.

१९६५ नंतर घराण्यात ४१ वर्षे एकही मुलगा जन्मला नाही. २००५ मध्ये सरकारी समितीने स्त्रियांना वारसाहक्क देण्याची शिफारस केली, पण पुढच्याच वर्षी सप्टेंबरात नारुहितो यांचे धाकटे भाऊ अकिशिनो यांना हिसाहितो हा पुत्र झाला आणि विषय बाजूला पडला. २०२१ च्या तज्ज्ञ अहवालाने विवाहानंतर राजकन्यांचा दर्जा कायम ठेवणे आणि १९४७ मध्ये बाहेर पडलेल्या शाखांतील पुरुषांना दत्तक घेणे, असे दोन मार्ग सुचवले. त्यांवर संसदेतील पक्षांची चर्चा लांबत गेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हिसाहितो यांचा प्रौढत्वविधी झाला, घराण्यातील पुरुषाचा असा विधी ४० वर्षांनी प्रथमच झाला. त्यांच्या पिढीत गादीचे हक्कदार ते एकटेच आहेत, आणि त्यांच्याशी विवाह करणाऱ्या मुलीला कोणत्या अपेक्षांना तोंड द्यावे लागेल, हे तिच्या निवडीच्या कित्येक वर्षे आधीच जपानी वृत्तपत्रांतून लिहिले जात आहे.