हॅकेथॉन वेगळा, स्प्रिंट वेगळा: कंपायलरवर काम करायला बसायच्या आधी वाचा

पुण्यात कॉलेजांमधून इतके हॅकेथॉन होतात की रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरवर (म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शनिवार-रविवार बसूया असं म्हटलं की लगेच प्रश्न येतात, टीम किती जणांची, बक्षीस काय, जज कोण? अहो, हा स्प्रिंट आहे. माणसं तीच, लॅपटॉप तेच, चहा-वडापाव पण तोच, म्हणून गल्लत होते.

हॅकेथॉनला कोऱ्या फोल्डरपासून सुरुवात, रविवारी संध्याकाळी डेमो चालला की झालं, सोमवारी तो कोड सहसा कुणी उघडत नाही आणि त्यात गैर काहीच नाही, त्याचा हेतूच तो. स्प्रिंटमध्ये कोड आधीपासून आहे, लाखो ओळींचा, सांभाळणारे जगभर पसरलेत, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी तुमचा बदल वाचून हो म्हटलं आणि टेस्ट पास झाल्या तरच तो आत जातो. इथे कुणी कुणाला हरवत नाही. पायपाय हा पायथॉनचा वेगवान अवतार २००३ पासून असे स्प्रिंट घेत घेतच वाढला, आणि आपल्याकडे २०१७ च्या पायकॉन पुणे या पायथॉनच्या परिषदेतही भाषणांनंतर स्प्रिंटचे दिवस ठेवले होते.

खरा फरक तयारीत आहे. हॅकेथॉनला हॉल, वायफाय, एक्स्टेन्शन बोर्ड झाले की बरंचसं काम झालं, कंपायलरला तेवढ्याने भागत नाही कारण आधी बिल्ड व्हायला पाहिजे, म्हणजे कोडपासून चालणारा कंपायलर आपल्या लॅपटॉपवर तयार व्हायला पाहिजे. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलाय, त्यामुळे आधी तयार बीटा कंपायलर डाउनलोड होतो, मग त्याच्यावर आपला नवा कंपायलर बनतो. वर शेवटी मशीन कोड बनवणारं एलएलव्हीएम आहेच, ते स्वतः कंपाइल करत बसलात तर अर्धा दिवस तिथेच जाऊ शकतो, म्हणून तयार एलएलव्हीएम उतरवून घ्यायची सेटिंग चालू ठेवा. रस्टवाल्यांच्याच गाईडमध्ये ३० जीबी रिकामी डिस्क आणि ८ जीबी रॅम सांगितलीय. हे सगळं शनिवारी सकाळी एका हॉलच्या वायफायवर सगळ्यांनी एकदम सुरू केलं तर दुपारपर्यंत एक ओळ लिहून होणार नाही, त्यामुळे मी तर म्हणेन की शुक्रवार रात्रीपर्यंत ज्याचा बिल्ड झाला नाही त्याला फोन करून मदत करा.

काम निवडताना पण तसंच. हॅकेथॉनला आयडिया जितकी भन्नाट तितकी चांगली, इथे ई-ईझी (सोपे) आणि ई-मेंटर (ज्यात मार्गदर्शन मिळतं असे) लेबलचे इश्यू, म्हणजे नोंदवलेली कामं, आधीच वाचून यादी करून ठेवा, पहिल्याच दिवशी बॉरो चेकरला (मेमरीचा वापर बरोबर आहे का ते तपासणाऱ्या अवघड भागाला) हात लावू नका. नवीन लोकांना एरर मेसेज सुधारायला द्या, छान काम आहे ते, मेसेज बदलला की टेस्टच्या अपेक्षित आउटपुटच्या फाइल्स ब्लेस या पर्यायाने आपोआप अपडेट होतात, फक्त नंतर डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, डोळ्यांत तेल घालून वाचायचा, कारण ब्लेस चुकीचं आउटपुटही निमूट स्वीकारतं.

आणि रिव्ह्यू करणाऱ्यांचा विचार करा प्लीज. त्यातले बरेच जण आपल्यासारखेच स्वतःच्या वेळेत काम करतात, एका संध्याकाळी त्यांच्यावर ढिगाने पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशा विनंत्या) पडल्या तर त्यांचे हाल होतात, म्हणून आधीच झुलिपवर, म्हणजे त्यांच्या चॅटवर, कळवा की अमुक तारखेला पुण्यातून इतके जण बसतोय, जमलं तर एखादा अनुभवी माणूस हॉलमध्येच असू दे. रविवारी काही मर्ज झालं नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये गेलं नाही, तरी चालेल, रिव्ह्यू बुधवारी येईल नाहीतर पुढच्या आठवड्यात, त्यामुळे निघताना प्रत्येक पुल रिक्वेस्टपुढे एक नाव लिहा, म्हणजे कमेंट आली की उत्तर कोण देणार ते ठरलेलं असेल.