गरम वाऱ्यात बसलेली मोटर

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की नागपुरात गच्चीगच्चीवर एसीची आउटडोअर युनिटं दुपारभर घरघरत असतात. मागच्या उन्हाळ्यात आमचं अचानक गप्प झालं. खोलीत वारा येत होता, पण गार नव्हता. वर जाऊन पाहिलं तर कॉम्प्रेसर गुणगुणत होता आणि पंखा जागच्या जागी थांबलेला. थोड्या वेळात कॉम्प्रेसरही बंद पडला.

तो बंद पडला ते बरंच झालं. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उपसतो. कॉम्प्रेसरची वीज त्यात मिळवली की जवळपास सात किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे दोन-दोन किलोवॉटचे साडेतीन गिझर एकदम चालू असल्यासारखं. पंखा थांबला की ही उष्णता आउटडोअरच्या नळ्यांच्या कॉइलमध्येच साचते, गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला थांबवतो.

मेकॅनिकने पंख्याकडे पाहून लगेच सांगितलं, "मोटर गेली ताई, दुसरी टाकून देतो." मी म्हटलं, "भाऊ, आधी कपॅसिटर तपासा ना." (बरेच मेकॅनिक कपॅसिटरलाही 'कंडेन्सर' म्हणतात आणि बाहेरची जाळीदार कॉइलही कंडेन्सरच. दुकानात नीट सांगा, नाहीतर भलतीच वस्तू हाती येते.) घरच्या सिंगल फेज विजेने मोटरमध्ये जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते फिरत नाही, जागेवरच कमीजास्त होतं. त्याने रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, नुसता थरथरतो. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला (तारेच्या गुंडाळीतला) प्रवाह थोडा पुढे सरकवतो, दोन्ही मिळून क्षेत्र फिरू लागतं आणि मागोमाग रोटर. कपॅसिटर उतरला की चांगली मोटरही नुसती हुंकार देत बसते. तो मोटरपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो, म्हणून तपासणी तिथूनच सुरू व्हावी. मात्र एमसीबी पाडल्यावरही त्यात चार्ज शिल्लक राहतो, त्यामुळे हे काम जाणत्यानेच करावं.

आमचा कपॅसिटर ठीक निघाला. वीज बंद करून पातं हाताने फिरवलं तर ते अडत होतं. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती तेल मुरवलेली नळी, जाम झाला होता.

मग मोटर शोधायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले. दुकानदाराने आपुलकीने कूलरची मोटर पुढे केली, "ही १४०० आरपीएमची आहे, हवा जोरात फेकते." नागपूरकराला कूलरच्या मोटरवर भरवसा असतोच. पण आमच्या जुन्या मोटरच्या नेमप्लेटवर ९०० आरपीएम होतं. ५० हर्ट्झच्या विजेवर सहा पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर हजाराच्या थोडं खाली फिरते, चार पोलची दीड हजाराच्या खाली. पातं तेच ठेवून वेग वाढवला तर हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ९०० वरून १४०० वर जायला जवळजवळ पावणेचारपट शक्ती हवी. तेवढी ताकद नसली की मोटर तापते आणि जळते. वॅट थोडे जास्त चालतील, कमी नकोत. वेग मात्र जुन्याइतकाच हवा.

माझ्या मते आपल्या गावात सगळ्यात आधी पाहायची गोष्ट वेगळीच आहे: मोटर बसते कुठे? स्प्लिट एसीच्या आउटडोअरमध्ये पंखा कॉइलमधून हवा ओढतो आणि मोटर कॉइल व पात्याच्या मधे असते. म्हणजे कॉइलने आधीच तापवलेली हवा तिच्या अंगावरून जाते. साध्या मोटरींचं रेटिंग बहुधा ४० अंशांच्या भोवतालासाठी असतं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. इतकं नसलं तरी ४५ अंशांच्या दुपारी कॉइलमागची हवा ५५ च्या घरात सहज जाते. वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा वर्ग नेमप्लेटवर असतो: बी वर्ग १३० अंशांपर्यंत टिकतो, एफ वर्ग १५५ पर्यंत. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश वाढीव तापमानाला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. शक्य असेल तर एफ घ्या. बुशऐवजी बॉल बेअरिंग घ्या. बुशमधलं तेल उष्णतेने पातळ होऊन आटतं. बेअरिंगची मोटर थोडा जास्त आवाज करेल, पण गच्चीवर तो कोणाला ऐकू येणार?

जळलेल्या मोटरचं रिवाइंडिंगही (नवी तार गुंडाळणं) करता येतं, कूलरमुळे इथे त्यातले कसबी कारागीर आहेत. पण तारेचा गेज (जाडी) तोच हवा आणि आतला थर्मल प्रोटेक्टर, म्हणजे मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच, काढून टाकू देऊ नका.

शाफ्टची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा जुन्या मोटरशी जुळवून घ्या. दिशा उलटी झाली तर हवा भिंतीकडे ढकलली जाते, तीही कमी. विंडो एसीत एकाच मोटरला दोन्हीकडे शाफ्ट असतो, तिथे दोन्ही लांब्या मोजाव्या लागतात. इन्व्हर्टर एसीला मात्र यातलं बरंचसं लागू नाही. तिथे सहसा बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर असते, तिचा वेग सर्किट बोर्ड ठरवतो, त्यामुळे त्याच मॉडेलचीच घ्यावी लागते.

नव्या मोटरवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) नवा कपॅसिटर आम्ही सोबत लावला. भर दुपारी अर्धा तास चालवून भाऊंनी तारेला क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारं यंत्र) लावला. प्रवाह नेमप्लेटवरच्या आकड्याच्या थोडा आतच होता. जाळीसमोर हात धरला तर हवा चटका देणारी होती आणि खाली खोलीत आई पांघरूण मागत होती.